पिल्लू बघण्याआधी त्याची आई बघा

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो. चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन जाहिरात पाहून लॅब्राडॉरचं ‘४५ दिवसांचं’ पिल्लू घेतलं. ब्रीडरने हायवेवरच्या हॉटेलबाहेर बोलावून ते दिलं, एक डोस झालाय असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, सहाव्या दिवशी ते गेलं. डॉक्टर म्हणाले, पार्व्हो. ब्रीडरने फोन उचलणं बंद केलं. दिवसभर घरात सासूबाई असतात. मुलगी ११ वर्षांची आहे. तिला वाटतं, तिने आइस्क्रीम चाटवलं म्हणून ते गेलं. आता विकत घ्यायचं नाही, दत्तकच घ्यायचं असं ठरवलंय. एका ग्रुपवर मेसेज आलाय: ‘लॅब मिक्स, ४० दिवस, रविवारपर्यंत घर हवं, नाही तर रस्त्यावर सोडावं लागेल.’ घ्यावं का? घेण्याआधी काय तपासायचं?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी मुलीला एवढं वाचून दाखवा. आइस्क्रीमने पार्व्हो होत नाही, तो विषाणूचा रोग आहे. विषाणू अंगात शिरल्यापासून पिल्लू आजारी दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी कधी दोन आठवडेही. तुमचं पिल्लू तिसऱ्याच दिवशी उलट्या करायला लागलं, म्हणजे तुमच्या दारात येण्याआधीच रोग त्याच्या अंगात होता. तिने त्याला जे चाटवलं ते लाडाने चाटवलं, आणि त्याच्या छोट्याशा आयुष्यातल्या चांगल्या गोष्टींपैकी ती एक होती.

आता तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर. रविवारचं ते पिल्लू घरी आणू नका. ते वाईट आहे म्हणून नाही. तुमच्या घरात चार महिन्यांपूर्वी पार्व्हो येऊन गेलाय आणि ४० दिवसांच्या पिल्लाला त्याच्यापासून वाचवेल असं भरवशाचं काहीही अजून नसतं. त्याबद्दल पुढे नीट लिहिते. आधी मागच्या वेळी काय झालं ते समजून घेऊ, कारण तीच चूक दत्तक घेतानाही होते, फक्त पैसे वाचतात.

पुण्यात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करायला लागून मला २६ वर्षं झाली. ‘४५ दिवसांचं’ हा शब्द मी जवळजवळ रोज ऐकते. हा आकडा कुठून आला कोण जाणे, पण तो कायद्यात बसत नाही. कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. त्यानुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप लावलेली असायला हवी, लस दिलेली असायला हवी. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत, आठ वर्षांनंतर घ्यायची नाहीत आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. त्यामुळे जाहिरातीत ‘४५ दिवस’ दिसलं, की तो माणूस नियम मोडतोय हे त्याने स्वतःच छापून दिलेलं असतं.

आणि ते पिल्लू खरोखर ४५ दिवसांचं तरी असतं का? टेबलावर घेतलं की मी आधी तोंड उघडून बघते. दुधाचे पुढचे दात आणि सुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतात, बाजूच्या दाढा त्यानंतर येतात. आठव्या आठवड्यापर्यंत दुधाचे २८ दात भरतात. बाजूला नुसत्या हिरड्या असतील, तर कार्डावर काहीही लिहिलेलं असो, पिल्लू जेमतेम महिन्याचं असतं. असली पिल्लं मी इतकी पाहिली आहेत की आता आधी दात आणि मग कार्ड, हाच क्रम हाताला लागलाय.

घाई कशाची, तर पैशाची. आईपासून लवकर तोडलं की दुधाचा, खाण्याचा, जंताच्या औषधाचा, लसीचा खर्च वाचतो. महिन्याचं पिल्लू गुबगुबीत, डुलत चालणारं असतं, फोटोत ते लगेच ‘विकतं’. पण पाचवा ते आठवा आठवडा फार मोलाचा असतो. भावंडांना चावलं की ती ओरडून खेळ सोडतात, आईला जोरात चावलं की ती गुरकावून बाजूला होते. दात किती लावायचा याचा धडा तिथे मिळतो. हा धडा चुकलेलं पिल्लू सहा महिन्यांचं झालं की घरातली माणसं हाताला पट्ट्या बांधून माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, हा ॲग्रेसिव्ह आहे का?’

लसीचा हिशोब इथेच मांडते, कारण तुम्ही लिहिलंय की ‘एक डोस झालाय असं सांगितलं होतं’. आईच्या चिकातून पिल्लाला संरक्षण मिळतं. ते सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान कधीतरी संपतं. कधी ते प्रत्येक पिल्लात वेगळं. ते टिकून असेपर्यंत बाहेरून दिलेल्या लसीला ते निकामी करतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर पडेल असं बघायचं. ‘एक डोस झालाय’ याचा अर्थ फक्त सुरुवात झाली आहे. महिन्याच्या पिल्लाला दिलेला डोस तर बहुतेक वेळा वायाच जातो.

तुमच्या बाबतीत ‘ब्रीडर’ हा शब्दही मला खरा वाटत नाही. त्याने तुम्हाला हायवेवरच्या हॉटेलबाहेर बोलावून पिल्लू दिलं, असं तुम्ही लिहिलंय. ज्याच्या घरी कुत्री व्यायली आहे त्याला पिल्लू हायवेवर आणून द्यायची गरज पडत नाही. हे बहुतेक एजंट असतात. चार-पाच ठिकाणांहून वेगवेगळ्या वेतांची पिल्लं उचलायची, एका खोलीत ठेवायची, लक्झरी बसच्या डिकीतून पाठवायची. एका वेतातला पार्व्हो दुसऱ्या वेताला इथे लागतो. जाहिरातीतले दिमाखदार आई-बाप कुणाचे तरी दुसऱ्याचेच असतात. ‘केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या) कागदासह हवं तर एक भाव, बिनकागदाचं हवं तर दुसरा’ असं ऐकू आलं तर तिथूनच मागे फिरा. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. आणि जो कागद पैसे पाहून जोडता किंवा काढता येतो, तो वंशावळही सांगत नाही.

सगळेच ब्रीडर असे नसतात. चांगले मी पाहिलेत, बोटांवर मोजण्याइतके. कोल्हापूरकडचे एक गृहस्थ कारवान कुत्री पाळतात, ही आपल्याकडची वेगाने पळणारी शिकारी जात. एकदा पुण्यातला एक तरुण त्यांच्याकडे पिल्लू मागायला गेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पळायला रान किती आहे?’ तो म्हणाला, सोसायटीत फ्लॅट आहे. त्यांनी त्याला जेवू घातलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. तो नाराज होऊन मला सांगत होता, आणि मला मात्र त्या गृहस्थांचा पत्ता जपून ठेवावासा वाटला. ते पिल्लू नऊ आठवड्यांच्या आत देत नाहीत आणि आई गोठ्यासमोर मोकळी बसलेली असते, कुणीही बघावी.

आई दाखवतात की नाही, यावर माझा सगळा भर आहे. पिल्लू निवडताना आपण पिल्लाकडे बघतो, पण बेजबाबदार ब्रीडरला लपवायची असते ती आई. तिला बघितलं की सगळं कळतं. सात-आठ वर्षांपूर्वी मुंबई-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला सापडलेली एक पग मादी माझ्याकडे आणली होती. आचळं लोंबून जमिनीला टेकत होती. पोटावर सिझेरियनचे व्रण एकावर एक. सुळ्यांच्या मागच्या बाजू घासून सपाट झालेल्या. पिंजऱ्याची जाळी वर्षानुवर्षं चावत राहिलं की असं होतं. कोपरांना घट्टे, नखं वळून तळव्यात शिरलेली. आचळांतल्या दोन गाठी मी काढल्या, गर्भाशयात पू होता म्हणून तेही काढावं लागलं. बरी झाल्यावर एक शिक्षिकाबाई तिला घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘डॉक्टर, ही जिन्यापाशी येऊन नुसती उभी राहते. तिला जिना म्हणजे काय ते माहीतच नाहीये.’ वय अंदाजे सहा. सहा वर्षांत तिने पायरी पाहिली नव्हती.

पगची ही लाट माझ्यासमोर आली. २००३ मध्ये हच मोबाइलच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे जाणारा तो छोटा पग आला आणि माझ्या नव्या क्लिनिकमध्ये वर्षभरात पगच पग दिसू लागले. मागणी इतकी, की ज्याच्याकडे पगची जोडी होती तो ब्रीडर झाला. नाकपुड्या चिमटलेल्या, टाळूचा मागचा मऊ भाग लांबलेला, श्वास घेताना घोरणारी पिल्लं. लोकांना ते घोरणं गोड वाटायचं. मे महिन्यातल्या दुपारी निळ्या पडलेल्या जिभेने तीच पिल्लं माझ्या टेबलावर यायची. पुढे हस्कीचं वेड आलं, मग फ्रेंच बुलडॉगचं. २०१६ मध्ये विक्रीसाठी पैदास करायला परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्राने बंदी घातली, पण देशात होती त्यांच्यावरच धंदा चालू राहिला. दंड म्हणाल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. हा आकडा वाचून तुम्हाला संताप येईल. मला अजून येतो. तरीही तक्रार करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याचा पुरावा, डॉक्टरांचा रिपोर्ट, हे सगळं राज्य पशुकल्याण मंडळाकडे आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाकडे लेखी द्या. नोंदणी नसलेल्या माणसाला तोच फोन नंबर घेऊन पुन्हा धंदा करायला जरा तरी अवघड जाईल.

आता दत्तकाकडे येऊ. ‘विकत घ्यायचं नाही’ हा तुमचा निर्णय मला मनापासून आवडला. पण ‘रेस्क्यू’ हा शब्द लावला की चौकशी करायची गरज संपते, असं नाही. उलट इथे आपण विचारायला लाजतो. समोरचा माणूस पुण्यकर्म करतोय, त्याला कार्डावरच्या स्टिकरबद्दल काय विचारायचं? विचारा. खरा कार्यकर्ता प्रश्नांनी दुखावत नाही, त्याला हायसं वाटतं. ही माणसं स्वतःच्या पगारातून सलाईनचे पैसे भरतात, रात्री दोनला उठून पिल्लांना बाटलीने दूध पाजतात. ती थकलेली असतात आणि थकव्यात चुका होतात. एका खोलीत तीन वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं ठेवणं ही त्यातली सगळ्यात मोठी. एजंटची खोली आणि ही खोली यांत विषाणूला फरक कळत नाही.

आपल्याकडे कुत्र्यांचा माज भाद्रपदाच्या आसपास येतो, ते सगळ्यांना माहीत असतं. साधारण ६३ दिवसांचा गाभणकाळ धरा, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे आणि थंडीत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. डिसेंबर-जानेवारीत ग्रुप भरभरून वाहतात: ‘तातडीने घर हवं’, ‘आजच न्या’. त्यातली कितीतरी पिल्लं आई जिवंत असताना उचललेली असतात. आई खायला शोधायला गेलेली असते, तास-दोन तासांत परतणार असते. तेवढ्यात कुणाला दया येते आणि पिल्लू खोक्यात जातं. ते पिल्लू निरोगी असेल आणि जागा अगदीच धोक्याची नसेल, तर ते तिथेच असू द्यावं. आईला रोज खायला घालावं, आडोसा करून द्यावा, आठ आठवड्यांनंतर घरं शोधावीत आणि दूध तुटल्यावर आईची नसबंदी करून घ्यावी. तुमच्या त्या मेसेजमधल्या पिल्लाबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारला असता: आई कुठे आहे?

यापुढे फोनवर काय विचारायचं ते सांगते. नेमकं कुठे सापडलं आणि कधी? ‘सिडकोत, शाळेच्या मागच्या भिंतीला, १२ तारखेला’ असं उत्तर आलं तर माणूस खरं बोलतोय. ‘रस्त्यावर’ एवढंच आलं तर आणखी खोदा. भावंडं किती होती, आता कुठे आहेत, त्यातलं कुणी आजारी पडलं का, कुणी गेलं का? माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. एका वेतातलं एक पिल्लू पार्व्होने किंवा डिस्टेम्परने गेलं असेल, तर उरलेली सगळी संशयित धरायची. डिस्टेम्पर तर पार्व्होपेक्षा फसवा असतो. डोळ्याला चिपडं, नाकाला शेंबूड, थोडा ताप, मग बरं वाटल्यासारखं होतं, आणि काही आठवड्यांनी जबडा थडथडायला लागतो, झटके येतात. तोवर घरातल्या सगळ्यांचा जीव त्याच्यात गुंतलेला असतो.

सापडल्यापासून कुठे ठेवलंय तेही विचारा. कुणाच्या घरी की क्लिनिकच्या पिंजऱ्यात? सोबत आणखी कोणते प्राणी आहेत? जंताचं औषध कधी दिलं? आईच्या पोटात असतानाच पिल्लात जंत उतरतात, त्यामुळे ‘अजून लहान आहे’ हे कारण चालत नाही. लसीच्या कार्डाचा फोटो मागवा. खऱ्या कार्डावर लसीच्या कुपीवरून काढलेला स्टिकर असतो, त्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते, शेजारी डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असतो. नुसती तारीख आणि शिक्का असेल तर ती लस झालीच नाही असं धरून चाला. शंका वाटली तर त्या क्लिनिकला फोन करा, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

पैशाचं म्हणाल, तर लस, जंताचं औषध, नसबंदी यांचा झालेला खर्च बिल दाखवून मागितला तर आनंदाने द्यावा. पण बिल नाही, ‘ॲडॉप्शन फी’ आठ-दहा हजार, पिल्लू मात्र शुद्ध बीगल आणि दर महिन्याला त्याच माणसाकडे नवी ‘सापडलेली’ बीगल पिल्लं, हे रेस्क्यू नव्हे. नियमांमधून सुटायला ब्रीडरने घातलेला हा वेष आहे. शुद्ध जातीची प्रौढ कुत्री रस्त्यावर सोडलेली सापडतात, भरपूर सापडतात. दोन महिन्यांच्या पिल्लांची अख्खी वेतं पुन्हा पुन्हा सापडत नाहीत.

आणि समोरचा तुम्हाला काय विचारतो ते ऐका. घर भाड्याचं की स्वतःचं, दिवसभर कोण असतं, आधी कुत्रं पाळलं होतं का, ते कशाने गेलं, मे महिन्यात गावाला गेलात तर काय करणार. असं छळणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. तो नसबंदीचं लिहून घेईल आणि ‘नाही जमलं तर कधीही परत आणा, रस्त्यावर सोडू नका’ असं सांगेल. ‘रविवारपर्यंत, नाही तर रस्त्यावर’ असं लिहिणारा कदाचित फक्त घाबरलेला असेल, पण पिल्लाच्या जिवाची धमकी देऊन केलेली घाई एजंटच्या ‘शेवटचं एकच उरलंय’ यापेक्षा वेगळी नसते. दोन्हींमुळे तुम्ही प्रश्न विचारायचे थांबता.

‘लॅब मिक्स’ या शब्दाला फार किंमत देऊ नका. कान पडलेला, रंग बदामी, म्हणून लॅब मिक्स. केस जरा लांब, म्हणून पॉम मिक्स. नुसतं बघून संकरातली जात ओळखता येत नाही, मलाही नाही. देशी म्हटलं की लोक घेत नाहीत म्हणून कार्यकर्ते हा शब्द जोडतात, आणि पुढे उंच, सडसडीत, शेपूट वळलेलं देशी कुत्रं झालं की घरच्यांना फसल्यासारखं वाटतं. तुम्ही देशी कुत्रं येणार असंच धरा. आपल्या हवेत टिकणारं, हुशार, अंगणात आणि माणसांत वाढलेलं कुत्रं असतं ते. लॅब निघालं तर निघालं.

प्रत्यक्ष भेटीत बघायचं ते थोडक्यात. डोळे-नाक कोरडं आहे का, हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या (गोचीड आणि जंत रक्त पितात), हातपाय सडसडीत पण पोट नगाऱ्यासारखं आहे का, कातडीवर गोल टक्कल आहे का. गजकर्ण असेल तर ते मुलांना लागतं. पुढचे पाय वाकलेले असतील तर मुडदूस. नुसत्या दूध-पोळीवर आणि बिस्किटांवर वाढवलेल्या पिल्लांत तो हमखास दिसतो, वेळेत नीट खाणं सुरू केलं तर बहुतेक सुधारतो. पाठीमागून टाळी वाजवा, वळतं का बघा. झोपलेलं असेल तर उठेपर्यंत थांबा, खाताना बघा, शी कशी झाली तेही विचारा. आणि एक गोष्ट कडकपणे पाळा. इतिहास माहीत नसलेल्या पिल्लाचा दात किंवा नख लागून ओरखडा आला, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. ‘छोटंसं तर आहे’ म्हणून थांबू नका.

आता तुमचं घर. पार्व्होचा विषाणू भलताच चिवट असतो. फिनेल, डेटॉल यांनी तो मरत नाही. घरात तो काही महिने टिकू शकतो, सावलीतल्या ओलसर मातीत त्याहून जास्त, कधी कधी वर्षभर. आधी साबणाने सगळं घासून घ्या, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण फरशीवर, दाराच्या कोपऱ्यांत, जिन्यात दहा मिनिटं ओलं राहील असं लावा आणि पुसून टाका. मळ शिल्लक असेल तर ब्लीच काम करत नाही, त्यामुळे घासणं टाळू नका. गेलेल्या पिल्लाचा बिछाना, कापडी खेळणी, पट्टा टाकून द्या, मुलीला एखादी वस्तू आठवण म्हणून हवी असेल तर फोटो ठेवा. बाल्कनीतल्या कुंड्यांपाशी ते जायचं का? असेल तर ती माती बदला. सोफ्याला आणि गालिच्याला ब्लीच लावता येत नाही, तिथे पूर्ण खात्री कधीच देता येत नाही.

म्हणून माझं मत असं आहे की तुम्ही पिल्लू आणूच नका. एक-दीड वर्षाचं, लसीकरण पूर्ण झालेलं, नसबंदी झालेलं कुत्रं आणा. शेवटचा डोस होऊन किमान दोन आठवडे गेलेले असावेत. अशा कुत्र्याला तुमच्या घरातल्या उरल्यासुरल्या विषाणूची भीती जवळपास नसते. शिवाय त्याचा आकार, स्वभाव, लहान मुलांशी वागणं, फटाक्यांना घाबरतं का, हे सगळं आज डोळ्यांनी दिसतं. पिल्लाच्या बाबतीत तो अंदाज असतो. ‘मोठ्या कुत्र्याला माणसाचा लळा लागत नाही’ ही समजूत मी २६ वर्षं ऐकते आहे आणि टेबलावर रोज खोटी ठरताना बघते. त्या पगने शिक्षिकाबाईंच्या घरी पाच वर्षं काढली. जिना चढायला तिला अकरा दिवस लागले.

मोठ्या कुत्र्यांना घर मिळायला महिनोन्‌महिने लागतात, त्यामुळे तुमच्यावर रविवारची घाई कुणी करणार नाही. नाशिकमध्ये फॉस्टर करणाऱ्यांना, म्हणजे कुत्र्यांना तात्पुरतं घरी सांभाळणाऱ्यांना, विचारा, ‘तुमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस राहिलेलं कुत्रं कोणतं?’ बहुतेक वेळा ते एखादं शांत, साधं, फोटोत न उठून दिसणारं देशी कुत्रं असतं. पहिल्या भेटीला मुलीला नेऊ नका. एकदा तिने पाहिलं की रिकाम्या हाताने परत येणं तुम्हा दोघांनाही जमणार नाही. तुम्ही आणि सासूबाई जा, कारण दिवसभर घरात त्याच असणार आहेत आणि त्यांनी त्याला पसंत करणं गरजेचं आहे. दुसऱ्या भेटीला मुलीला न्या. दुपारी कुत्री झोपलेली असतात, संध्याकाळी फिरवायच्या वेळी जा. पट्टा तिच्या हाती द्या, वरून तुम्हीही धरा. थोडं चाला, थोडं थांबा, आणि शेवटी त्याला एखादा जिना चढवून बघा.